डिस्टिंक्ट लावल्यावर ऑर्डर बाय का अडतं? आधी 'एक ओळ म्हणजे काय' ते ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे का हे तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही गावच्या दूध संस्थेसाठी प्रोग्राम लिहिताय. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'सभासद' आणि 'संकलन' (दर वेळी घातलेल्या दुधाची नोंद) अशी दोन टेबलं आहेत. १ ते १० तारखेदरम्यान ज्यांनी दूध घातलं त्यांची यादी हवी आहे आणि ज्यानं सगळ्यांत अलीकडे घातलं तो वर हवा आहे. टेबलं जोडली तर एकेक नाव वीस-वीस वेळा आलं. डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळींतली एकच ठेवणारा शब्द, लावल्यावर एकेकदा आलं. मग ऑर्डर बाय लिहून तारखेनं क्रम लावायला गेलात तर एरर आली की सिलेक्ट डिस्टिंक्ट असेल तर ऑर्डर बायमधली गोष्ट सिलेक्टच्या, म्हणजे दाखवायच्या कॉलमांच्या, यादीतही असायला हवी. म्हणून तारीख यादीत घातली, तर नावं पुन्हा दहा-दहा वेळा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'हेच जुन्या मायएसक्यूएलवर चालत होतं, मग हा पोस्टग्रेसचा दोष समजायचा का?'

दोष नाही. उलट ती एरर तुम्हाला एक खरा प्रश्न विचारते आहे आणि त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे.

सभासद ११२ घ्या. त्याच्या संकलनात १ तारखेची सकाळ, १ तारखेची संध्याकाळ, २ तारखेची सकाळ अशा १० तारखेपर्यंत वीस ओळी आहेत. डिस्टिंक्टनं तुम्ही सांगितलंत की कोड आणि नाव एवढंच ठेव आणि या वीस ओळींची एक कर. ती झाली. आता पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणताय की ही ओळ तारखेनुसार लाव. कुठल्या तारखेनुसार? एकत्र झालेल्या ओळीला एक तारीख राहिलेलीच नाही, तिच्यामागे दहा वेगवेगळ्या तारखा आहेत. तुमच्या मनात 'शेवटची' आहे, पण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला लिहून दिलेल्या मागणीत, तसं कुठेच लिहिलेलं नाही.

क्वेरी ज्या क्रमानं लिहितो त्या क्रमानं तिचा अर्थ लागत नाही, हे इथे डोळ्यांसमोर ठेवा. आधी फ्रॉम आणि जॉइन (टेबलं घेणं आणि जोडणं), मग व्हेअर (ओळींवरची अट), मग ग्रुप बाय (ओळींचे गट), मग हॅविंग (गटांवरची अट), त्यानंतर सिलेक्टमधले कॉलम, मग डिस्टिंक्ट आणि त्याच्याही नंतर ऑर्डर बाय. सगळ्यांत शेवटी लिमिट, म्हणजे किती ओळी द्यायच्या ते. म्हणजे क्रम लावायची वेळ येते तेव्हा डिस्टिंक्टनं आपलं काम उरकलेलं असतं. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल हे डेटाबेसही याच कारणासाठी अशी क्वेरी नाकारतात, फक्त शब्द वेगळे. मायएसक्यूएल पूर्वी ती चालवून घ्यायचं आणि कुठल्यातरी एका ओळीची तारीख धरून क्रम लावायचं. ती तारीख शेवटचीच असेल याची काहीही हमी नव्हती. ५.७.५ या आवृत्तीपासून तिथला नियम मुळातच कडक झाला. तेव्हा 'जुन्यावर चालत होतं' याचा अर्थ यादी बरोबर येत होती असा होत नाही. ती यादी तुम्ही कधी वहीशी ताडून पाहिली असेल तर मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

तारीख यादीत घातल्यावर वीसऐवजी दहा ओळी का आल्या, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. डिस्टिंक्ट अख्ख्या ओळीला लागतं, पहिल्या कॉलमला नाही. कोड, नाव आणि तारीख तिन्ही सारखं असेल तरच ओळी एक होतात, म्हणून रोजची सकाळ आणि संध्याकाळ एक झाली आणि दहा दिवसांच्या दहा उरल्या. पुष्कळ जण डिस्टिंक्टनंतर कंसात एकच कॉलम लिहितात आणि समजतात की ते तेवढ्याच कॉलमपुरतं आहे. त्या कंसाला इथे काहीही अर्थ नाही, डेटाबेस तो सरळ ओलांडून जातो.

आता मूळ मुद्द्यावर येते. डुप्लिकेट दिसले की पहिला हात डिस्टिंक्टकडे जातो. मी बावीस वर्षं हे काम करते आहे, माझाही जायचा. आता मी कुठलाही कीवर्ड टाइप करण्याआधी एक वाक्य मराठीत लिहून ठेवते: 'या निकालातली एक ओळ म्हणजे एक ____.' तुमच्या बाबतीत एक ओळ म्हणजे एक सभासद. पण तुम्ही जॉइन केलंत तेव्हा एक ओळ म्हणजे एक वेळचं संकलन झाली. नावं वीस वेळा आली ती डेटा खराब आहे म्हणून नव्हे. तुम्ही एका गोष्टीची यादी मागितलीत आणि क्वेरी दुसऱ्याच गोष्टीची लिहिलीत. डिस्टिंक्टनं ती चूक झाकली, दुरुस्त केली नाही, आणि ऑर्डर बाय लावल्याबरोबर ती बाहेर आली.

एसक्यूएलनं, म्हणजे क्वेरी लिहायच्या या भाषेनं, मुळात डुप्लिकेट येऊच का द्यावेत, असं कोणी विचारलं तर ते योग्य आहे. आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची कल्पना, मांडलं तेव्हा रिलेशन म्हणजे गणितातला संच होता आणि संचात तोच घटक दोनदा नसतो. १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा मांडली आणि जी पुढे एसक्यूएल झाली, तिनं व्यवहार पाहिला. डुप्लिकेट काढायचे तर सगळ्या ओळी एकमेकींशी ताडाव्या लागतात, ते महाग पडतं आणि दर वेळी त्याची गरजही नसते. म्हणून ठरलं की मागितलं तरच काढायचे. ती जबाबदारी तेव्हापासून क्वेरी लिहिणाऱ्यावर आहे.

तुमच्या यादीसाठी आता नेमकं काय करायचं? ते तुम्हाला यादीत काय दाखवायचं आहे यावर ठरतं.

फक्त कोणी दूध घातलं एवढंच हवं असेल, क्रम कोडनुसार चालत असेल, तर जॉइनच करू नका. 'सभासद' टेबलातून वाचा आणि व्हेअरमध्ये एक्झिस्ट्स लावून विचारा की या सभासदाचं या दहा दिवसांत एकतरी संकलन आहे का. एक सापडलं की पुढचं शोधायची गरज नाही, डुप्लिकेट तयारच होत नाहीत, म्हणून काढावेही लागत नाहीत. मी तपासायला घेतलेल्या क्वेऱ्यांमध्ये डिस्टिंक्ट दिसलं की निम्म्याहून जास्त वेळा तिथे एक्झिस्ट्स हवं असतं.

पण तुम्हाला शेवटच्या तारखेनुसार क्रम हवा आहे. मग 'शेवटची' हा शब्द क्वेरीत लिहा. कीवर्ड इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत देते:

सिलेक्ट स.कोड, स.नाव, मॅक्स(क.तारीख) ॲज शेवटची_तारीख
फ्रॉम सभासद स
जॉइन संकलन क ऑन क.सभासद_कोड = स.कोड
व्हेअर क.तारीख बिटवीन '१ तारीख' अँड '१० तारीख'
ग्रुप बाय स.कोड, स.नाव
ऑर्डर बाय शेवटची_तारीख डेस्क, स.कोड

यात प्रत्येक सभासदाच्या वीस ओळींचा एक गट होतो आणि मॅक्समुळे गटातून नेमकी एक, सगळ्यांत अलीकडची तारीख निघते. 'डेस्क' म्हणजे उतरता क्रम. मग तिच्यावर क्रम लावायला कसलीच अडचण नाही. यादीत तारीख दाखवायची नसेल तर सिलेक्टमधून काढून ऑर्डर बायमध्येच मॅक्स लिहा, तेही चालतं, कारण आता त्या ओळीची ती तारीख निश्चित आहे.

शेवटच्या ओळीतलं 'स.कोड' शोभेसाठी लिहिलेलं नाही. दूध संस्थेचा डेटा पाहा: चारशे सभासद असतील तर त्यातल्या बहुतेकांची शेवटची तारीख १० हीच असणार. म्हणजे नुसत्या तारखेनं लावलेला क्रम जवळपास क्रमच नाही. तारीख सारखी असलेल्या साडेतीनशे ओळी आपसात कशाही येऊ शकतात, आणि आज एका क्रमानं आल्या म्हणून उद्या त्याच क्रमानं येतील असं नाही. स्क्रीनवर पन्नास-पन्नासची पानं करून लिमिट आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या ते) लावलंत तर एखादा सभासद पहिल्या पानावरही दिसेल, दुसऱ्यावरही दिसेल आणि एखादा कुठेच दिसणार नाही. मग सेक्रेटरी म्हणणार, 'अजून डुप्लिकेट येतायत.' टेबलात डुप्लिकेट नसतात, क्रम अर्धवट असतो. ऑर्डर बायच्या शेवटी कायम एक असा कॉलम ठेवा जो दोन ओळींत सारखा असूच शकत नाही.

तो कोड टेक्स्ट म्हणून साठवला असेल तर १० हा २ च्या आधी येईल, तेवढं पाहा.

पुढची मागणी काय येणार हेही सांगून ठेवते, कारण ती येतेच: 'ज्यांनी या दहा दिवसांत दूध घातलं नाही तेही यादीच्या तळाशी दाखवा.' तुम्ही जॉइनचं लेफ्ट जॉइन (जोडीला संकलन नसलं तरी सभासद ठेवणारं) कराल आणि दोन गोष्टी बिघडतील. एक, तारखेची अट व्हेअरमध्येच राहिली तर दूध न घातलेले सभासद तिथेच गळतात, कारण त्यांची तारीख नल, म्हणजे रिकामी, असते. ती अट ऑनमध्ये न्या. दुसरी, पोस्टग्रेसमध्ये नल सगळ्यांत मोठा धरला जातो, त्यामुळे उतरत्या क्रमात दूध न घातलेले सभासद थेट वर येऊन बसतील. ओरॅकलमध्येही तसंच. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट यांत उलटं, तिथे नल सगळ्यांत लहान. पोस्टग्रेसमध्ये डेस्कनंतर 'नल्स लास्ट' लिहिलं की ते तळाला जातात.

आता समजा नुसती तारीख पुरत नाही. शेवटच्या वेळी दूध किती घातलं, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) किती, हेही त्याच ओळीत हवं आहे. इथे मॅक्स उपयोगाचं नाही. मॅक्स तारीख, मॅक्स लिटर, मॅक्स फॅट असं लिहिलंत तर १० तारखेला ४ तारखेची फॅट चिकटेल. तशी पावती त्या सभासदाला कधी मिळालेलीच नसते, तरी स्क्रीनवर ती खरी वाटते, आणि म्हणून ही चूक मला फार धोक्याची वाटते.

अशा वेळी अख्खी शेवटची ओळ उचलायची. प्रत्येक सभासदाच्या ओळींना आतल्या क्वेरीत रो नंबर, म्हणजे गटातला अनुक्रमांक, द्या: पार्टिशन बाय सभासद_कोड (दर सभासदाचा एक गट), ऑर्डर बाय तारीख डेस्क, सत्र डेस्क. बाहेरच्या क्वेरीत ज्यांचा नंबर १ आहे त्या ठेवा आणि मग हवा तो क्रम लावा. ही विंडो फंक्शनं पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आहेत, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून म्हणजे २०१८ मध्ये आली, एसक्यूलाइटमध्येही त्याच वर्षी. पोस्टग्रेसमध्ये 'डिस्टिंक्ट ऑन' नावाची आखूड वाटही आहे. कंसात सभासद_कोड लिहायचा आणि ऑर्डर बायची सुरुवात त्याच कॉलमनं करायची, मग प्रत्येक कोडची पहिली ओळ मिळते. मात्र तिथला ऑर्डर बाय 'कुठली ओळ ठेवायची' हे ठरवण्यात खर्ची पडतो. यादीचा क्रम वेगळा हवा असेल तर ती सगळी क्वेरी कंसात घालून बाहेर दुसरा ऑर्डर बाय लावावा लागतो. मला स्वतःला रो नंबर जास्त आवडतो, कारण दुसऱ्या डेटाबेसवर जायची वेळ आली तरी तो तसाच चालतो आणि नवीन माणसाला वाचून कळतो.

'सत्र' कॉलमबद्दल जरा थांबून सांगते. तुम्ही त्यात 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' असे शब्द साठवलेत असं प्रश्नावरून दिसतं. नुसत्या युनिकोडच्या, म्हणजे संगणकानं प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यांच्या, क्रमानं लावलं तर 'संध्याकाळ' आधी येते आणि 'सकाळ' नंतर, कारण 'स'नंतरच्या अनुस्वाराचा आकडा 'क'च्या आकड्यापेक्षा लहान आहे. उतरत्या क्रमात मग सकाळ वर. म्हणजे १० तारखेची शेवटची ओळ म्हणून तुम्ही सकाळचं दूध उचलाल आणि संध्याकाळचं राहील. दुसऱ्या कोलेशननं, म्हणजे अक्षरक्रमाच्या दुसऱ्या नियमानं, निकाल उलटाही लागू शकतो. ज्या गोष्टीला स्वतःचा नैसर्गिक क्रम आहे ती शब्दात साठवून अक्षरांच्या क्रमावर सोडू नका. सकाळ १, संध्याकाळ २, असं आकड्यात ठेवा आणि दाखवताना शब्द दाखवा.

आता ज्या कारणासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले ते सांगते. तुमचा प्रोग्राम आज यादी दाखवतोय, उद्या त्याच जॉइनवरून दुधाचा पगार काढेल.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं दहा दिवसांचं बिल मी लिहिलं होतं. सभासदाला संकलन जोडलं आणि त्याच क्वेरीत पशुखाद्याच्या कपातीचं टेबलही जोडलं. संकलनाच्या वीस ओळी, पेंडीच्या पोत्यांच्या तीन ओळी, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे जॉइनमध्ये साठ ओळी झाल्या आणि दुधाची रक्कम तिप्पट आली. ती चूक लगेच दिसली. मी सममध्ये, म्हणजे बेरजेत, डिस्टिंक्ट घातलं, चाचणीच्या पाच सभासदांचे आकडे बरोबर आले आणि मी पुढे गेले. सम डिस्टिंक्ट ओळी वेगळ्या करत नाही, रकमा वेगळ्या करतं. एका बाईंची एकच गाय होती. एका दिवशी सकाळी ४ लिटर, संध्याकाळी ४ लिटर, फॅट तीच, दर तोच, दोन्ही वेळची रक्कम १४० रुपये. माझ्या क्वेरीनं १४० एकदाच धरले. दहा दिवसांत ती रक्कम एकूण चार वेळा आली होती, तीन वेळची गळाली, ४२० रुपये कमी. मोठ्या गोठ्यांच्या रकमा रोज पैशांत वेगळ्या असतात, म्हणून त्यांचं बिल बरोबर निघालं. कमी पडलं ते नेमकं थोडं दूध घालणाऱ्यांना. त्या बाई पावत्या एकीवर एक टाचून घेऊन आल्या म्हणून कळलं. तेव्हापासून रकमेच्या कॉलमवर मी सम डिस्टिंक्ट लिहिलेलं नाही आणि कोणी लिहिलेलं दिसलं तर काम थांबवून बोलते.

त्यावरचा उपाय सोपा आहे. संकलनाची बेरीज वेगळ्या उपक्वेरीत सभासदवार करून घ्या, कपातीची वेगळ्या उपक्वेरीत करा. दोन्हींत एक ओळ म्हणजे एक सभासद झाली की मगच जोडा. साठ ओळींचा प्रश्नच येत नाही.

इथपर्यंतचं सगळं जॉइनमुळे आलेल्या डुप्लिकेटबद्दल होतं. टेबलातच खरे डुप्लिकेट असतील तर ते वेगळं दुखणं. वीज गेली, परत आली, मशीननं तीच नोंद पुन्हा पाठवली, किंवा ऑपरेटरनं सेव्हचं बटण दोनदा दाबलं. ते शोधायला सभासद_कोड, तारीख, सत्र आणि दूध_प्रकार यांवर ग्रुप बाय करा आणि हॅविंगमध्ये काउंट १ पेक्षा जास्त मागा. दूध_प्रकार विसरू नका, गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्या घरात एका सत्राच्या दोन ओळी अगदी रास्त असतात.

पण सापडलेली प्रत्येक जोडी डुप्लिकेटच असते का? हे मी इथे बसून सांगू शकत नाही. काही गावांत एकाच कोडवर आधी थोरला भाऊ किटली घेऊन येतो, मग अर्ध्या तासानं धाकटा. दोन्ही म्हशीचंच दूध, दोन्ही सकाळचंच. त्या दोन ओळी खऱ्या आहेत आणि त्यातली एक उडवली तर कुणाचे तरी पैसे गेले. तेव्हा आधी सेक्रेटरींबरोबर बसून अशा दहा-बारा जोड्या वहीत बघा. लिटर, फॅट आणि वेळ सेकंदापर्यंत सारखी असेल तर बहुधा मशीनचा पुनरुच्चार. लिटर वेगळे असतील तर हात लावू नका.

काढायचं ठरलंच तर आधी टेबलाची प्रत करून ठेवा, ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि डिलीटच्या आधी त्याच अटीनं सिलेक्ट चालवून ओळी मोजा:

डिलीट फ्रॉम संकलन व्हेअर आयडी इन
(सिलेक्ट आयडी फ्रॉम
(सिलेक्ट आयडी, रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय सभासद_कोड, तारीख, सत्र, दूध_प्रकार, लिटर, फॅट, नोंद_वेळ ऑर्डर बाय आयडी) ॲज क्र फ्रॉम संकलन) ट
व्हेअर क्र > १)

किती ओळी गेल्या तो आकडा सिलेक्टच्या आकड्याशी जुळला तरच कमिट (बदल पक्का), नाहीतर रोलबॅक (बदल मागे). ज्या ओळींवर बिल आधीच निघालं आहे त्यांना बिलाच्या टेबलातून संदर्भ असेल. तो संदर्भ आधी राहणाऱ्या ओळीकडे वळवावा लागेल.

हे एकदा झालं की युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम, लावा, नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. मशीन पावती क्रमांक देत असेल तर तोच उत्तम, म्हणजे दोन भावांच्या दोन किटल्यांचाही प्रश्न उरत नाही. त्या कॉलमला नॉट नल करा. डिस्टिंक्ट आणि ग्रुप बाय दोन नलना सारखं मानतात, पण पोस्टग्रेसचा युनिक कन्स्ट्रेंट त्यांना वेगळं मानतो आणि कितीही येऊ देतो. आवृत्ती १५ पासून 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' लिहून ते बदलता येतं.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, थोडक्यात सांगते. चारशे सभासद, दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला २,९२,००० ओळी. हा मोठा डेटा नाही. सभासद_कोड, तारीख, सत्र असा एक इंडेक्स पुरेसा आहे. एक्स्प्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी आत कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) 'एक्स्टर्नल मर्ज' दिसलं तर क्रम लावायला मेमरी पुरली नाही, डिस्कवर जावं लागलं असं समजा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठीची वर्क मेमरी मुळात ४ एमबीच असते, तेवढ्या क्वेरीपुरती वाढवून बघा.

आणि डिस्टिंक्ट किंवा ग्रुप बाय केलं की निकाल आपोआप क्रमानं येतो, यावर कधी विसंबू नका. पोस्टग्रेसमध्ये ८.४ च्या आधी डिस्टिंक्ट नेहमी सॉर्ट करूनच व्हायचं, म्हणून ओळी क्रमानं यायच्या. २००९ मध्ये ८.४ आल्यावर ते हॅशनंही, म्हणजे सॉर्ट न करता, होऊ लागलं आणि ऑर्डर बाय न लिहिलेल्या क्वेऱ्यांचा क्रम विस्कटला. मायएसक्यूएलमध्येही ग्रुप बायबरोबर फुकट मिळणारा क्रम ८.० मध्ये गेला. आतल्या उपक्वेरीतला ऑर्डर बायही बाहेर टिकेल याची हमी नाही. क्रम हवा तर तो सगळ्यांत बाहेरच्या क्वेरीत लिहायचा.

शेवटी नावांबद्दल, कारण तुमची यादी मराठीत आहे आणि हे इंग्रजी उदाहरणांत कुठेच सापडत नाही. गावांची यादी डिस्टिंक्टनं काढलीत आणि 'कऱ्हाड' दोन-तीनदा दिसलं तर डेटाबेसवर चिडू नका. ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे एकच अक्षर घेऊन, र आणि खाली नुक्ता घेऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्ह-कॅरेक्टर घेऊन. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला तीन वेगळे शब्द. पोस्टग्रेस १३ पासून असलेलं नॉर्मलाइझ फंक्शन पहिले दोन एक करतं. तिसरा करत नाही, तिथे र, हलन्त आणि ते कॅरेक्टर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असं स्वतः बदलावं लागतं. नुसतं ते अदृश्य कॅरेक्टर उडवू नका, त्यानं ऱ्ह चा र्ह होतो आणि गावाचं नावच बिघडतं. 'ॲ' चंही तसंच आहे. २००८ मध्ये युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर आलं, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहीत होते, आणि या दोघांना नॉर्मलाइझ एक करत नाही. ही साफसफाई नोंद आत येतानाच करा.

नावांचा क्रम लावतानाही हेच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. साध्या क्रमानं 'काळे' हे 'काशिद'च्या आधी येतील, मराठी क्रमानं नंतर. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू या लायब्ररीची भाषेनुसार असलेली कोलेशन वापरता येतात. ऑर्डर बायमध्ये नावापुढे कोलेट लिहून मराठीचं कोलेशन, 'एमआर-एक्स-आयसीयू', द्या. तुमच्या सभासदांत ही दोन्ही आडनावं असतील तर एकदा कोलेटशिवाय आणि एकदा कोलेटसकट यादी काढून शेजारी शेजारी ठेवा.